सी.एल.एल. : एका संथ रक्तकर्करोगाची ओळख

प्रास्ताविक

'रक्ताचा कर्करोग' हे शब्द डॉक्टरांच्या तोंडून निघताच घरातील माणसांच्या पायांखालची जमीन सरकते. चित्रपटांनी आणि ऐकीव गोष्टींनी या आजाराचे एकच चित्र आपल्या मनावर ठसविले आहे : अंथरुणाला खिळलेला रुग्ण, गळालेले केस आणि हातात उरलेले थोडे दिवस. मग घाईघाईने फंडाचे पैसे काढले जातात, गावाकडचा जमिनीचा तुकडा विकायला निघतो, कोणी एखाद्या वैदूचा पत्ता देतो, कोणी बाबाचा अंगारा आणून देतो. अशा वेळी आजार कोणता, तो किती वेगाने वाढतो आणि आज औषधाची गरज आहे की नाही हे विचारायला मात्र कोणाला सवड नसते.

रक्ताचा कर्करोग हा एक आजार नाही. त्यात अनेक प्रकार आहेत. काही प्रकारांत निदानानंतर काही दिवसांतच उपचार सुरू करावे लागतात. याउलट एका प्रकारात निदान झाल्यावर अनेक रुग्णांना कित्येक वर्षे एकही गोळी द्यावी लागत नाही आणि तीच शास्त्रशुद्ध पद्धती मानली जाते. या प्रकाराचे नाव दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया. डॉक्टरांच्या कागदावर तो 'सी.एल.एल.' या तीन अक्षरांनी लिहिलेला असतो. सभासदांना आणि विद्यार्थ्यांना या आजाराची क्रमवार ओळख व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. रक्त आणि त्यातील पेशी

आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा नावाचा मऊ भाग असतो. रक्तातील पेशींचा हाच कारखाना होय. येथे तीन प्रकारचा माल तयार होतो. तांबड्या पेशी हिमोग्लोबिनच्या साहाय्याने शरीरभर प्राणवायू पोचवितात. त्या कमी झाल्या की माणूस फिकट दिसतो आणि जिना चढताना धापा टाकतो. प्लेटलेट म्हणजेच रक्तबिंबिका जखमेतून वाहणारे रक्त थांबवितात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंपासून शरीराचे रक्षण करतात.

पांढऱ्या पेशींतही पुन्हा प्रकार आहेत. त्यांपैकी एक म्हणजे लिम्फोसाइट. लिम्फोसाइटमधील 'बी' जातीच्या पेशींच्या घराण्यातून प्रतिपिंडे तयार होतात. एकदा गोवर होऊन गेला की तो सहसा पुन्हा होत नाही, किंवा लस घेतल्यावर आजाराला अटकाव होतो, यामागे या पेशींचा मोठा वाटा असतो. या पेशी रक्तात फिरतात आणि मान, काख, जांघ येथील लसीकाग्रंथींत व प्लीहेत (पाणथरीत) वस्ती करतात.

निरोगी शरीरात प्रत्येक पेशीचे आयुष्य ठरलेले असते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या पेशींनी वेळेवर मरणे आणि नव्यांनी त्यांची जागा घेणे, या दोन्ही गोष्टींवर रक्ताचा तोल टिकून असतो.

२. सी.एल.एल.मध्ये नेमके काय बिघडते?

या आजारात एका बी पेशीच्या जनुकांत बदल होतो आणि तिची प्रजा वाढू लागते. या पेशी दिसायला जवळजवळ निरोगी लिम्फोसाइटसारख्याच असतात. परंतु प्रतिपिंडे तयार करण्याच्या कामी त्यांचा उपयोग होत नाही आणि वेळ आली तरी त्या मरत नाहीत. कारखान्याच्या मस्टरवर हजारो नावे असावीत आणि यंत्रावर मात्र कोणीही नसावे, तशी ही स्थिती असते. अहवालात पांढऱ्या पेशींचा आकडा फुगलेला दिसतो, पण शरीराची प्रतिकारशक्ती प्रत्यक्षात घटलेली असते.

हळूहळू या निरुपयोगी पेशी अस्थिमज्जेत, लसीकाग्रंथींत आणि प्लीहेत साठतात. मज्जेतील जागा अडली की तांबड्या पेशी व रक्तबिंबिका कमी होतात. मात्र हे सर्व बहुधा अतिशय संथ गतीने, वर्षानुवर्षांच्या कालावधीत घडते. 'दीर्घकालीन' या शब्दाचा अर्थ हाच.

'ल्युकेमिया' हे नाव जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्चो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'पांढरे रक्त'.

३. हा आजार कोणाला होतो?

सी.एल.एल. हा मुख्यतः उतारवयातील आजार आहे. पाश्चात्त्य देशांत निदानाच्या वेळी रुग्णाचे वय सरासरी सत्तरीच्या आसपास असते. भारतीय रुग्णालयांच्या अनुभवात हे वय काही वर्षांनी कमी आढळते. स्त्रियांपेक्षा पुरुषांत तो अधिक दिसतो. लहान मुलांना तो होत नाही म्हटले तरी चालेल. मुलांमध्ये आढळणारा रक्ताचा कर्करोग बहुधा वेगळ्या, वेगाने वाढणाऱ्या प्रकारचा असतो. युरोप-अमेरिकेत प्रौढांच्या ल्युकेमियात हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे. भारत, चीन, जपान या देशांत तो त्या मानाने पुष्कळच कमी आहे.

आजाराचे निश्चित कारण बहुतेक रुग्णांत सांगता येत नाही. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला हा आजार असल्यास धोका इतरांपेक्षा वाढतो, तरीही अशा बहुसंख्य नातेवाइकांना तो कधीच होत नाही. काही तणनाशकांशी त्याचा संबंध आढळला आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याने 'एजंट ऑरेंज' नावाचे तणनाशक जंगलांवर फवारले होते. तेथे सेवा केलेल्या सैनिकांना झालेला सी.एल.एल. हा त्या फवारणीशी निगडित आजार म्हणून अमेरिकी सरकारने २००३ मध्ये मान्य केला.

हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याच्याजवळ बसल्याने किंवा त्याचे कपडे धुतल्याने तो कोणाला होत नाही. तो कोणाच्या पापाचे फळ नाही आणि कोणाच्या नजरेचा किंवा करणीचाही परिणाम नाही.

४. लक्षणे आणि निदान

पुष्कळ रुग्णांना निदानाच्या वेळी काहीही त्रास होत नसतो. मोतीबिंदूच्या किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी, अथवा एखाद्या आरोग्य शिबिरात रक्त तपासले जाते आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळतात. काहींच्या मानेत, काखेत किंवा जांघेत न दुखणाऱ्या गाठी येतात. काहींना डाव्या बरगडीखाली जडपणा जाणवतो, कारण तेथील प्लीहा वाढलेली असते. थकवा, वजन घटणे, रात्री अंथरूण भिजण्याइतका घाम येणे आणि वारंवार होणारा जंतुसंसर्ग ही पुढची लक्षणे होत.

येथे एक सूचना करणे आवश्यक वाटते. आपल्याकडे क्षयरोग मोठ्या प्रमाणावर असल्याने मानेतील गाठ म्हणजे क्षयच, असे गृहीत धरले जाण्याचा संभव असतो. त्याचप्रमाणे निदानाआधीच स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर गाठी तात्पुरत्या बसतात आणि खरा आजार झाकला जातो. म्हणून गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर तपासणी झाल्यावाचून औषधे सुरू करण्याचा आग्रह धरू नये.

निदानाची पहिली पायरी म्हणजे 'सी.बी.सी.' ही साधी रक्ततपासणी. विद्यार्थ्यांनी हा अहवाल वाचायला शिकावे, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, पासष्ट वर्षे वयाच्या एका गृहस्थांच्या अहवालात पांढऱ्या पेशी ४२,००० (एका घन मिलिमीटरमध्ये) आणि लिम्फोसाइट ८० टक्के आहेत. तर लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या :

४२,००० × ८० ÷ १०० = ३३,६००

प्रौढ माणसात एकूण पांढऱ्या पेशी सर्वसाधारणपणे ४,००० ते ११,००० असतात. तेव्हा वरील आकडा वाढलेला आहे हे उघड आहे. परंतु केवळ तेवढ्यावरून निदान होत नाही. विषाणूजन्य तापात किंवा डांग्या खोकल्यातही लिम्फोसाइट वाढतात आणि आजार ओसरला की खाली येतात. सी.एल.एल. म्हणण्यासाठी एकाच पेशीपासून निपजलेल्या बी लिम्फोसाइटची संख्या किमान ५,००० असावी लागते आणि ती वाढ तीन महिने टिकून असावी लागते.

त्या पेशी एकाच वंशाच्या आहेत की नाहीत, हे 'फ्लो सायटोमेट्री' या तपासणीने कळते. पेशीच्या पृष्ठभागावर जी विशिष्ट प्रथिने असतात, ती या यंत्रातून ओळखता येतात. ही तपासणी हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तावर होते. बहुतेक रुग्णांत केवळ निदानासाठी अस्थिमज्जा काढावी लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा पातळ थर पाहताना काही पेशी पुसल्यासारख्या, चिरडलेल्या दिसतात. या पेशी नाजूक असल्याने काचेवर रक्त पसरताना फुटतात. हीसुद्धा या आजाराची एक परिचित खूण आहे.

५. आजाराच्या पायऱ्या आणि डॉ. कांती राय

आजार कोठवर पोचला आहे हे ठरविण्याची जी पद्धत जगभर वापरली जाते, तिला एका भारतीय डॉक्टरांचे नाव आहे. डॉ. कांती राय यांचा जन्म १९३२ साली राजस्थानातील जोधपूर येथे झाला. जयपूरच्या सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्क परिसरात त्यांनी आपली कारकीर्द याच आजाराच्या अभ्यासात घालविली. १९७५ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढील पायऱ्या मांडल्या :

पायरी ० : रक्तात व मज्जेत लिम्फोसाइट वाढलेल्या, बाकी काही नाही.
पायरी १ : त्याशिवाय लसीकाग्रंथींच्या गाठी.
पायरी २ : प्लीहा किंवा यकृत वाढलेले.
पायरी ३ : आजारामुळे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी.
पायरी ४ : रक्तबिंबिका एक लाखापेक्षा कमी.

या पद्धतीचे मोठेपण तिच्या साधेपणात आहे. डॉक्टरांचे दोन हात आणि एक सी.बी.सी. एवढ्या साधनांवर तालुक्याच्या दवाखान्यातही पायरी ठरविता येते. यात आणखी एक बोध आहे. पांढऱ्या पेशी ४०,००० आहेत की ९०,००० आहेत, यावर कोणतीही पायरी अवलंबून नाही. पायरी वाढते ती गाठी, प्लीहा, हिमोग्लोबिन आणि रक्तबिंबिका यांवरून. फ्रान्समधील डॉ. बिने यांनी पुढे अ, ब, क अशी तीन गटांची पद्धत दिली. तीही याच तत्त्वावर उभी आहे.

६. 'थांबा आणि पाहा' याचा अर्थ

आता आपण या लेखाच्या गाभ्याकडे येतो. पायरी शून्यवरील रुग्णाला, तसेच त्रास नसलेल्या पायरी एक व दोनवरील अनेक रुग्णांना डॉक्टर सांगतात : "आता औषधाची गरज नाही. तीन महिन्यांनी रक्त तपासून या." हे ऐकून घरच्यांच्या मनात शंका येते. कर्करोग आहे म्हणतात आणि औषध देत नाहीत, हे कसे? आपण गरीब म्हणून तर टाळले नाही ना? सरकारी रुग्णालय म्हणून तर हाकलून लावले नाही ना? ही शंका समजण्यासारखी आहे, कारण आपल्या माणसांनी दवाखान्याच्या दारात हेळसांड पाहिलेली असते. परंतु या आजारापुरते तरी हे उत्तर हेळसांडीचे नसून अभ्यासाअंती ठरलेले आहे.

फ्रान्समधील डॉक्टरांच्या एका गटाने हा प्रश्न प्रत्यक्ष तपासून पाहिला. प्रारंभिक अवस्थेतील शेकडो रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला लगेच क्लोरॅम्ब्युसिल हे औषध दिले, दुसऱ्याला गरज पडेपर्यंत दिले नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, लवकर औषध दिल्याने आयुष्य वाढले नाही. पहिल्या प्रयोगात औषध न दिलेल्यांपैकी ४९ टक्के रुग्णांचा आजार अकरा वर्षांहून अधिक काळानंतरही पुढे सरकला नव्हता व त्यांना औषध लागले नव्हते. अलीकडे जर्मन अभ्यासगटाने इब्रुटिनिब या नव्या गोळीबाबत हाच प्रयोग केला. आजाराची वाढ लांबली, पण त्रास नसलेल्या प्रारंभिक रुग्णांचे एकूण आयुष्य त्यानेही वाढले नाही. औषधाचे दुष्परिणाम मात्र सोसावे लागले.

परंतु याच फ्रेंच अभ्यासातील दुसरा आकडाही सांगितला पाहिजे. प्रारंभिक अवस्थेतील २७ टक्के रुग्ण पुढे या आजाराशी संबंधित कारणानेच मरण पावले. म्हणजे 'थांबा' हा अर्धा सल्ला आहे. 'पाहा' हा उरलेला अर्धा. औषध नाही म्हणून तपासणीही बंद, असे ज्यांच्या बाबतीत होते त्यांचे नुकसान होते. वाट पाहणे आणि विसरून जाणे यांत फार मोठे अंतर आहे.

यासाठी घरातील शिकणाऱ्या मुला-मुलीने एक साधी वही घालावी. तारीख, वजन, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, लिम्फोसाइटची टक्केवारी, त्यावरून काढलेली प्रत्यक्ष संख्या, रक्तबिंबिका आणि नवी गाठ असल्यास तिची जागा, असे रकाने आखावेत. आलेखाच्या कागदावर बिंदू मांडल्यास आजाराची चाल डोळ्यांना दिसते. समजा, लिम्फोसाइट वर्षभरात ३६,००० वरून ३९,००० झाल्या, तर चाल संथ आहे. त्याच पाच महिन्यांत ४०,००० वरून ८४,००० झाल्या, म्हणजे सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाल्या, तर पुढील तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना वही दाखवावी. मुळातील संख्या ३०,००० पेक्षा कमी असेल तर केवळ दुपटीवरून उपचार ठरवीत नाहीत, हेही ध्यानात असावे.

७. उपचार केव्हा सुरू करतात?

सर्वसाधारणपणे पुढीलपैकी एखादी गोष्ट आढळल्यास उपचारांचा विचार होतो :

(अ) मज्जा अडल्यामुळे हिमोग्लोबिन १० ग्रॅमच्या खाली किंवा रक्तबिंबिका एक लाखाच्या खाली घसरत जाणे.
(आ) प्लीहा किंवा गाठी फार मोठ्या होणे, वाढत राहणे किंवा त्रास देणे.
(इ) लिम्फोसाइट सहा महिन्यांच्या आत दुप्पट होणे.
(ई) सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांनी घटणे, जंतुसंसर्ग नसताना दोन आठवडे ताप, महिनाभर रात्रीचा घाम, किंवा रोजची कामे थांबविणारा थकवा.
(उ) शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी किंवा रक्तबिंबिका नष्ट करू लागणे आणि ते स्टेरॉइडने आटोक्यात न येणे.

केवळ पांढऱ्या पेशींचा आकडा मोठा आहे, हे एकटे कारण या यादीत नाही. आकड्यावर नव्हे, माणसावर उपचार करायचे असतात.

उपचारापूर्वी पेशींच्या गुणसूत्रांची तपासणी करणे महत्त्वाचे असते. जर्मनीतील एका गटाने २००० साली ३२५ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सुमारे ५५ टक्के रुग्णांत तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला होता, तर ७ टक्के रुग्णांत सतराव्याचा. पहिला बदल एकटाच असणाऱ्यांचा आजार सौम्य होता, दुसऱ्यांचा कठीण. सतराव्या गुणसूत्रावर टी.पी. ५३ नावाचे जनुक असते. बिघडलेल्या पेशीला मरण्याचा आदेश देण्यात त्याचा मोठा वाटा असतो. ते नाहीसे झाले की जुन्या पद्धतीची केमोथेरपी नीट लागू पडत नाही. म्हणून औषध निवडण्यापूर्वी "सतराव्या गुणसूत्राची व टी.पी. ५३ ची तपासणी झाली का?" हा प्रश्न रुग्णाने अवश्य विचारावा. पेशींचे आय.जी.एच.व्ही. जनुक बदललेले आहे की नाही, ही तपासणीही आजाराची चाल सांगते. यात नवलाची गोष्ट अशी की, ज्यांचे हे जनुक बदललेले असते त्यांचाच आजार अधिक संथ असतो.

८. उपचारांची वाटचाल

विसाव्या शतकाच्या मध्यापासून क्लोरॅम्ब्युसिल हे मुख्य औषध होते. पुढे फ्लुडाराबिन आले. त्यानंतर बी पेशींवरील एका विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड केमोथेरपीच्या जोडीला आले. खरा पालट मात्र गोळ्यांच्या रूपाने २०१४ नंतर झाला.

या गोळ्यांच्या मुळाशी एका मुलाची हकीकत आहे. १९५२ मध्ये अमेरिकी सैन्यातील बालरोगतज्ज्ञ डॉ. ऑग्डेन ब्रुटन यांनी वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाचे रक्त तपासले, तेव्हा त्यात प्रतिपिंडांचा अंशच आढळला नाही. १९९३ मध्ये या आजाराचे मूळ सापडले : बी पेशी परिपक्व होण्यासाठी लागणारे एक विकर (एन्झाइम) अशा मुलांत सदोष असते. त्या विकराला ब्रुटन यांचे नाव मिळाले. मग संशोधकांनी उलट विचार केला. ज्याच्यावाचून बी पेशी वाढू शकत नाहीत, तेच विकर रोखले तर कर्करोगी बी पेशींची वाढ थांबेल काय? इब्रुटिनिब ही गोळी याच विचारातून आली. अमेरिकेत २०१४ मध्ये तिला सी.एल.एल.साठी मान्यता मिळाली. अकॅलाब्रुटिनिब आणि झानुब्रुटिनिब या तिच्या नंतरच्या बहिणी. ही गोळी सुरू केल्यावर काही आठवडे रक्तातील लिम्फोसाइट उलट वाढतात, कारण गाठींत दडलेल्या पेशी बाहेर रक्तात येतात. त्याने घाबरून गोळी बंद करू नये. रक्तस्राव, रक्तदाब वाढणे आणि हृदयाचे ठोके अनियमित होणे यांवर मात्र लक्ष ठेवावे लागते.

दुसरी वाट 'पेशी मरत का नाहीत' या प्रश्नातून निघाली. बी.सी.एल. २ नावाचे प्रथिन पेशीचे मरण टाळते, हे ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९८८ मध्ये दाखविण्यात आले. त्या प्रथिनाला निष्प्रभ करणारी गोळी म्हणजे व्हेनेटोक्लॅक्स. तिला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. तिच्या प्रभावाने पेशी इतक्या झपाट्याने मरू शकतात की त्यांच्यातील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडांना धोका होतो. म्हणून मात्रा २० मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवीत पाचव्या आठवड्यात ४०० मिलिग्रॅमवर नेतात. या काळात भरपूर पाणी पिणे आणि ठरलेल्या दिवशी रक्त तपासणे चुकवू नये. ऑबिनुटुझुमॅब या इंजेक्शनाबरोबर ही गोळी दिल्यास पहिल्या वेळचा उपचार साधारण एका वर्षात पूर्ण होतो. याउलट इब्रुटिनिब वर्गातील गोळी एकटी दिल्यास ती सहसा गुण देईपर्यंत आणि सोसवेपर्यंत चालू ठेवावी लागते.

या औषधांनी आजार बहुधा मुळापासून जात नाही, पण वर्षानुवर्षे दबून राहतो. अमेरिकेतील नोंदींनुसार निदानानंतर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण आज ८५ टक्क्यांहून अधिक आहे.

९. दैनंदिन काळजी

या रुग्णांना आजाराच्या गाठींइतकाच धोका साध्या जंतुसंसर्गाचा असतो. म्हणून :

- ताप १००.५ अंशांच्या वर गेल्यास घरगुती उपाय करीत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.
- फ्लू, न्यूमोनिया व कोविडच्या लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. जिवंत जंतूंपासून केलेल्या लसी घेऊ नयेत.
- अंगावर एका बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड आल्यास ती नागीण असू शकते. तिच्यावर औषध आहे. मंत्राने उतरविण्यात दिवस घालवू नयेत.
- उपचारापूर्वी हिपॅटायटिस बी ची तपासणी करून घ्यावी. पूर्वी क्षय झाला असल्यास तसे सांगावे. क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध वरील गोळ्यांचा परिणाम फार कमी करते.
- ग्रेपफ्रूट, पपनस यांसारखी फळे आणि कोणतेही पाळेमुळ्यांचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्यांबरोबर घेऊ नये.
- तंबाखू, विडी सोडावी. या रुग्णांत इतर अवयवांच्या कर्करोगाचा धोकाही काहीसा अधिक असतो.
- एखादी गाठ अचानक झपाट्याने वाढल्यास लगेच दाखवावे. थोड्या रुग्णांत आजार वेगाने वाढणाऱ्या प्रकारात बदलतो.

१०. खर्चाचा प्रश्न

नव्या गोळ्या महाग आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. काही गोळ्यांचे भारतीय कंपन्यांनी बनविलेले स्वस्त पर्याय मिळतात. डॉक्टरांना तसे स्पष्ट विचारावे. मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे आणि तेथील समाजसेवा विभागाकडे मदतीची चौकशी करता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' बसतात. कोणते उपचार योजनेत बसतात, हे दागिने मोडण्यापूर्वी त्यांना विचारावे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नको असलेला खर्च टाळणे. पायरी शून्यवरील रुग्णाला "पेशी वाढल्या आहेत, आजच भरती व्हा" असे कोणी सांगितले, तर वही घेऊन रक्तविकारतज्ज्ञाचा दुसरा सल्ला घ्यावा. या आजारात तेवढा वेळ बहुधा असतो. जो माणूस "तीन महिन्यांत मुळासकट बरा करतो" म्हणून पुड्या विकतो, त्याचे यश समजून घेणेही अवघड नाही. ज्याचा आजार तसाही दहा वर्षे हलणार नव्हता, तो पुडीने बरा झाला असे भासते. पुडीवाल्याची कीर्ती वाढते आणि ज्याला खरोखर उपचार हवे होते तो मात्र उशिरा पोचतो.

काही नेहमीचे प्रश्न

प्रश्न : रुग्णाने कामावर जावे काय?
उत्तर : त्रास नसल्यास अवश्य जावे. चालणे-फिरणे, सभा-समारंभ, नेहमीचा आहार काहीही बंद करण्याचे कारण नाही. गर्दीत आजारी माणसांपासून मात्र जपावे.

प्रश्न : रुग्णाने रक्तदान करावे काय?
उत्तर : नाही. आजार संसर्गाने पसरत नाही, तरीही रक्तदान करू नये.

प्रश्न : मुलांची तपासणी करावी काय?
उत्तर : त्रास नसलेल्या मुलांची खास तपासणी करण्याची सर्वसाधारणपणे गरज नसते.

प्रश्न : रुग्णाला खरे सांगावे काय?
उत्तर : सांगावे. ज्याला आपला आजार ठाऊक नाही, तो तपासणीला का जाईल? पण 'रक्ताचा कर्करोग' एवढेच सांगून थांबू नये. पायरी कोणती आणि आज औषध का नाही, हेही समजावून सांगावे.

समारोप

थोडक्यात सांगायचे तर सी.एल.एल. हा कर्करोग आहे, पण तो घाई करणारा नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना आयुष्यभर उपचार लागत नाहीत, काहींना वर्षांनी लागतात, तर काहींना लवकर लागतात. आपण कोणत्या गटात आहोत हे भीती सांगू शकत नाही, बाबा सांगू शकत नाही आणि एकच अहवालही सांगू शकत नाही. ते ठरलेल्या तारखांना केलेल्या तपासण्यांतून कळते. ज्या घरात अशी वही नियमित लिहिली जाते, त्या घराला योग्य वेळी उपचार मिळतात आणि अयोग्य वेळी कर्ज होत नाही. आपल्या वस्तीत कोणाला हे निदान झाले असेल तर सांत्वनाला जाताना सोबत एक कोरी वही न्यावी आणि तिचे रकाने आखून द्यावेत.